वाकलेला बंपर आणि व्यापाऱ्याचा हिशेब

जी वस्तू दुरुस्त होऊ शकते ती टाकू नये, हा आपल्या घराघरांतला जुना नेम आहे. त्यात काटकसर आहे आणि अपरिग्रहाची शिकवणही आहे. उमरीसारख्या बाजारपेठेच्या गावी अनेक व्यापारी कुटुंबांच्या दारात दहा-पंधरा वर्षे वापरलेली मोटार आजही दिसते, ती याच वृत्तीमुळे. परंतु कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकापाशी ट्रॉल्यांची दाटी होते, अंधारात मागे दिवा नसलेली बैलगाडी समोर येते, आणि एखाद्या दिवशी पुढचा बंपर वाकतो. तो ठोकून सरळ करावा की बदलावा, हा प्रश्न मग उभा राहतो. त्याचे उत्तर बंपरची पट्टी कोणत्या धातूची आहे आणि ती गाडीत कोणते काम करते, यावर अवलंबून आहे.

आपल्याकडील कारागिरांचा हात बसला तो पोलादावर. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या कित्येक पेढ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चकचकीत बंपर क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असे. तो वाकला की गॅसच्या ज्योतीवर लाल करावा, घणाने ठोकावा आणि पुन्हा मुलामा द्यावा, ही रीत दोन पिढ्यांच्या हातात मुरली. ती पोलादापुरती योग्यच होती. हीच रीत अ‍ॅल्युमिनियमला लावली की घात होतो.

गंमत अशी की, याच वालचंदशेठनी १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची उभारणी केली होती, आणि विमानांचा पत्रा असतो अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. विमानाला हलकेपणा हवा म्हणून हा धातू. मोटारीतही तो त्याच कारणाने आला. अमेरिकेत १९७३ पासून ताशी ५ मैलांचा धक्का सोसणारे बंपर सक्तीचे झाले. पोलादी बंपर फार जड होऊ लागले, तेव्हा काही कारखानदारांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या वापरल्या. आज बहुतेक गाड्यांत बाहेर दिसते ते प्लॅस्टिकचे आवरण. धक्का सोसणारी आडवी पट्टी त्याच्या आत असते. काही गाड्यांत ती पोलादी, काहींत अ‍ॅल्युमिनियमची. ओळखण्याची खूण सोपी आहे. लोहचुंबक चिकटला तर पोलाद, न चिकटला तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम.

अ‍ॅल्युमिनियमचे वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. पोलाद तापले की लाल होऊन इशारा देते. अ‍ॅल्युमिनियम तसा इशारा देत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि तोवर दिवसाच्या उजेडात त्याचा रंग बदललेला दिसत नाही. शिवाय या पट्ट्यांचा कणखरपणा बहुधा कारखान्यात सुमारे १७५ अंशांवर कित्येक तास ठेवून आणलेला असतो. गॅसच्या ज्योतीने तो काही क्षणांत उतरतो. पट्टी पुन्हा सरळ दिसते, पण आतून नरम झालेली असते. थंडच ठोकत राहिले तर ती जागोजागी कठीण होऊन तडकते.

म्हणून पहिला निर्णय कामाचा. पट्टी शोभेची असेल, अथवा बाक लांबट व उथळ असेल, तर ती सरळ करता येते. धक्का सोसणारी मुख्य पट्टी तीव्र कोनात मोडली असेल, तिला घडी पडली असेल वा तडा गेला असेल, तर बदलणे हाच योग्य मार्ग. बदललेली पट्टी वाया जात नाही. भंगारातील अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवण्यास खनिजापासून नवे करण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

सरळ करायचे ठरले तर पट्टी गाडीवरून उतरवावी आणि तिचे ब्रॅकेट व मागची चौकटही तपासावी. पुष्कळदा खरा बाक तिथेच असतो. पट्टीच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर न वाकलेल्या अर्ध्या भागाचा आकार पुठ्ठ्यावर काढावा आणि पुठ्ठा उलटा करून वाकलेल्या भागाला लावावा. किती बाक काढायचा ते नेमके कळते. पट्टी लाकडी ठोकळ्यांवर ठेवून हायड्रोलिक जॅकने सावकाश दाबावी. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक उसळते, म्हणून किंचित जास्त दाबावे लागते. शेवटी पडलेला बाक प्रथम काढावा. हातोडा लाकडी वा नायलॉनचा असावा, आणि पोलादावर वापरलेली कानस व तारेचा ब्रश या कामाला घेऊ नये. लोखंडाचे कण रुतले की तेथे गंज सुरू होतो.

काम झाल्यावर तड्याची परीक्षा घरीही होते. बाकाच्या जागी रॉकेल लावून दहा मिनिटांनी कोरडे पुसावे आणि खडूची पूड चोळावी. तडा असेल तर रॉकेल वर येऊन पुडीत ओलसर रेघ उमटते. रेघ दिसली तर शोभेच्या पट्टीला आर्गन वेल्डिंग चालेल. मुख्य पट्टीला नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू नरम होतो. पट्टी बसवताना पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा वॉशर घालावा, नाहीतर पावसाळ्यात सांध्यावर पांढरी पूड धरते.

बंपर वाकला म्हणून पुढे जाडजूड लोखंडी गार्ड लावण्याचा सल्लाही मिळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हा बेकायदा बदल ठरतो. धडकेचा जोर गार्ड थेट चौकटीत उतरवतो आणि समोरच्या माणसाला अधिक इजा करतो.

आपल्या समाजाने याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. साधू-साध्वी पहाटेच्या अंधुक प्रकाशात महामार्गाच्या कडेने पायी विहार करतात, आणि आपल्यापैकी अनेक जण त्यांच्या सोबतीला गाडी घेऊन जातात. फाटलेल्या बंपरचे बाहेर आलेले धारदार टोक पादचाऱ्याला वा रस्त्यावरच्या मुक्या जनावराला कापू शकते. किरकोळ धक्क्याची तेथे खोल जखम होते. चालताना, बोलताना, वस्तू ठेवताना जयणा पाळावी असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. गाडी चालवणे हेही चालणेच आहे. तेव्हा दुरुस्ती लांबली तरी ते टोक त्याच दिवशी कापून, घासून गुळगुळीत करावे.

व्यापारी माणूस खर्च पाहतो तशी जोखीमही पाहतो. शोभेची पट्टी सरळ करून वाचलेले पैसे हा नफा. मुख्य पट्टी तापवून, रंगवून वाचवलेले पैसे ही उधारी; ती कोणत्या रात्री, कोणत्या वळणावर आणि कोणाकडून वसूल होईल, हे वहीत लिहिलेले नसते.