किल्ली मागणारा चोर

मोबाइल फोन घराघरांत शिरला, आणि त्याच्या पाठोपाठ काही अपरिचित शब्दही आले. पासवर्ड, ओटीपी, व्हायरस, फिशिंग ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या कानांवर रोज पडतात. परंतु मुले दूरदेशी असतात, आणि त्यांचा अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारण्याचा संकोच वाटतो. आमच्या मते हा संकोच हेच लबाडांचे भांडवल होय. संगणकाच्या जगातील चोर बहुधा कुलूप फोडीत नाही, तो किल्ली मागून घेतो. म्हणून या शब्दांचा थोडा परिचय करून घेऊ.

पासवर्ड म्हणजे आपली ओळख पटविणारा सांकेतिक शब्द. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एकच संगणक अनेकजण वापरू लागले. तेव्हा प्रत्येकाचे काम निराळे राखण्यासाठी फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत योजली. अक्षरे वाढली की तो शब्द हुडकण्याचे कष्ट कैक पटींनी वाढतात. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत. मात्र तोच पासवर्ड सर्वत्र वापरणे म्हणजे घर, कपाट आणि तिजोरी यांना एकच किल्ली लावणे होय.

ओटीपी हा एकदाच उपयोगी पडणारा अंक; ते दाराचे दुसरे कुलूप आहे. पासवर्ड चोरीस गेला तरी या अंकावाचून व्यवहार अडतो, म्हणूनच चोर तो गोड बोलून विचारतो. यूपीआयचा गुप्त पिनही तसाच. तो पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ असे कोणी म्हणाल्यास त्याचा हेतू तेथेच उघड होतो.

व्हायरस हा दुसऱ्याच्या अंगाशी चिकटून पसरणारा घातक प्रोग्रॅम. १९८६ साली लाहोरमध्ये जन्मलेला ‘ब्रेन’ फ्लॉपी डिस्कवरून देशोदेशी गेला. ‘वर्म’ मात्र कोणाच्या आधाराशिवाय स्वतःच संचार करतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत सुटलेल्या मॉरिस वर्मने हजारो संगणक जखडून टाकले. पुढे मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या मिषाने आलेली एक फाइल लाखो लोकांनी आपल्याच हातांनी उघडली. आज तीच युक्ती लग्नपत्रिकेचे रूप घेऊन फोनवर येते. पत्रिकेच्या नावापुढे ‘एपीके’ ही अक्षरे असतील, तर ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरू पाहणारे ॲप आहे असे समजावे व तिला हातही लावू नये.

फिशिंग हा शब्द मासेमारीच्या इंग्रजी शब्दावरून आला. बँकेचे सोंग घेतलेला संदेश हे आमिष, आणि त्यातील दुवा हा गळ. दुव्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असल्यास मजकूर कूटलिपीत, म्हणजे एन्क्रिप्शन होऊन जातो. परंतु त्याने केवळ वाट सुरक्षित होते. पलीकडचा यजमान सज्जन आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. यजमान ओळखण्यासाठी पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपूर्वीचा पत्ता उजवीकडून वाचावा. टपालाच्या पाकिटावर गावाचे नाव अखेरीस असते, तद्वत खरे ठिकाण तेथेच असते. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली आपल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या अखेरीचे पत्ते घेण्यास सांगितले, ते याच ओळखीसाठी.

‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द तर निव्वळ भीती घालण्यासाठी घडविलेला आहे. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. असा फोन आल्यास तो तत्काळ बंद करावा आणि घरातील कोणास तरी लगेच सांगावे.

इतके करूनही पैसे गेलेच, तर प्रतिष्ठेच्या विचाराने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार केल्यास पैसे पुढे काढून घेतले जाण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो. घरच्या तरुणांनीही ज्येष्ठांना दोष देत बसण्याऐवजी प्रथम तो फोन लावून द्यावा. विचारपूस मागाहून करता येते, गेलेली वेळ मात्र परत येत नाही.