मधमाशीच्या पाठीवरील आंकडा

गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, साखरेपाशीं आलेली मुंगी कालचीच आहे, हें कशावरून ओळखावें?" प्रश्न लहान दिसतो, पण तो सुटल्यावांचून एखादा कीटक कोठें जातो, परत येतो कीं नाहीं, हें सांगतां यावयाचें नाहीं. उत्साहाच्या भरांत आम्हीं काडीनें मुंगीच्या पाठीवर ओल्या चुन्याचा ठिपका दिला. ती बिचारी वाट सोडून अंग पुसूं लागली व थोड्याच वेळांत मरून पडली. दोष सर्वस्वीं आमचा. खूण टिकली पाहिजे, परंतु प्राण्यास तिची बाधा होतां कामा नये. नाहीं तर आपण कीटकाची रीत पाहत नसून आपल्याच चुन्याचा प्रताप पाहत बसतों!

कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनीं स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेंत कोरडे रंग कालविले. माशी साखरपाणी पिण्यांत गुंग असतां बारीक कुंचल्यानें तिच्या वक्षावर ठिपका द्यावयाचा. पुढील कडेस पांढरा म्हणजे १, तांबडा २, निळा ३, पिवळा ४, हिरवा ५. तेच रंग मागील कडेस दिल्यास अनुक्रमें ६, ७, ८, ९ व शून्य. दोन ठिपक्यांनीं दशक व एकक होत, शतकाचा ठिपका पोटावर. अशा रीतीनें ५९९ माशा ओळखतां येत.

या ठिपक्यांचें मोल केवढें, पाहा. १९१९ मध्यें म्यूनिक येथें त्यांनीं रंग दिलेली माशी भरलेल्या बशीवरून पोळ्यांत परतली, तेव्हां कांचेच्या पेटींतून ती पोळ्यावर गोल नाचतांना दिसली, आणि तिच्या सभोंवतालच्या रंगीत सोबतिणी तत्काळ बशीकडे उडाल्या. ठिपके नसते तर बशीवरील माशी व नाचणारी माशी एकच, हें कोण म्हणणार? पुढें १९४४ मध्यें त्यांस दिसून आलें कीं, दूरच्या अन्नासाठीं केलेल्या नाचांत दिशा व अंतर दोन्ही सांगितलेलीं असतात. १९७३ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

तरीही नाच पाहून निघालेली माशी वाटेनें कशी जाते, हें ठिपक्यानें कळत नव्हतें. कारण उडणारी माशी लवकरच दृष्टीआड होते. यासाठीं रडारच्या लहरी झेलून निराळ्या लहरी परत धाडणारी बारीक तार संशोधकांनीं माशीच्या वक्षावर बसविली. २००५ मध्यें जे. आर. रायली व त्यांचे सहकारी यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, नाच पाहिलेल्या माशा सांगितलेल्या दिशेनेंच सरळ जातात. कांहीं माशांस त्यांनीं पोळ्यापासून दूर नेऊन सोडलें. त्या तेथूनही त्याच दिशेस तितक्याच अंतरावर गेल्या, आणि जेथें बशी नव्हतीच तेथें घिरट्या घालून ती शोधूं लागल्या.