'मलाही असंच झालं होतं': सीनियरच्या एका वाक्याने नेमकं काय बदलतं?

कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला एका प्रेझेंटेशनच्या दिवशी मी ताप आल्याचं सांगून घरी बसले होते. ताप नव्हता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी तालुक्याच्या गावी, आणि इथे मास कॉमच्या वर्गात अर्धी मुलं इंग्रजीत विनोद करायची, उरलेली त्यावर हसायची. कधी हसायचं तेच मला कळायचं नाही. आपण चुकून इथे आलोय, हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग एकदा कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाची एक ताई चहा पिता पिता सहज बोलून गेली, "मी तर पहिल्या प्रेझेंटेशनला बाथरूममध्ये जाऊन बसले होते. नाव पुकारलं तरी बाहेर आले नाही." कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारी हीच ती मुलगी! तिने मला एका शब्दाचाही सल्ला दिला नाही. पण पुढच्या प्रेझेंटेशनला मी गेले. वाईट झालं, पण गेले.

असा एखादा किस्सा तुमच्याकडेही असेल. प्रश्न असा आहे की, दुसऱ्याच्या फजितीची गोष्ट ऐकून आपल्याला बळ का येतं? आणि हे तेवढ्यापुरतं बरं वाटणं असतं, की त्याचा शिक्षणावर खरंच परिणाम होतो?

एका तासाचा प्रयोग

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठात हे तपासून पाहिलं. त्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला.

प्रयोग अगदी साधा होता. पहिल्या वर्षाच्या ९२ विद्यार्थ्यांपैकी काहींना सीनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला इथे आपलं कुणी नाही असं वाटायचं, प्राध्यापकांसमोर बोलायची भीती वाटायची, मग हळूहळू ओळखी झाल्या आणि रुळलो, अशा स्वरूपाचे. हे अनुभव सगळ्या वंशांच्या मुलामुलींचे होते. त्यानंतर या विद्यार्थ्यांनी स्वतःचा अनुभव लिहायचा आणि तो पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी कॅमेऱ्यासमोर सांगायचा. सगळं मिळून साधारण एक तास. उरलेल्या मुलांनाही वाचायला दिलं, पण त्या मजकुराचा या विषयाशी संबंध नव्हता.

पुढची तीन वर्षं त्यांचे गुण पाहिले. गोष्टी वाचलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढत गेले. त्यांच्यात आणि गोऱ्या विद्यार्थ्यांमध्ये जी दरी होती, ती जवळपास निम्म्यावर आली. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांत मात्र फारसा फरक पडला नाही. मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. तीन वर्षांनी विचारलं तेव्हा त्या तासात नेमकं काय सांगितलं होतं, हे बहुतेकांना आठवतही नव्हतं.

मग काम कसं झालं?

याचं उत्तर त्याच प्रयोगात आहे. त्या तासानंतर आठवडाभर विद्यार्थ्यांकडून रोजच्या नोंदी घेतल्या होत्या. ज्या कृष्णवर्णीय मुलांनी गोष्टी वाचल्या नव्हत्या, त्यांचा दिवस वाईट गेला की 'आपण इथले नाहीच' ही भावना लगेच वर यायची. ज्यांनी वाचल्या होत्या त्यांचेही दिवस वाईट जातच होते. पण वाईट दिवस म्हणजे फक्त वाईट दिवस, एवढंच राहायचं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला गणित राहिलं. ज्याच्या घरात चार जण इंजिनिअर आहेत, तो वैतागतो आणि एटीकेटीचा फॉर्म भरतो. जो घरातला पहिलाच कॉलेजला आलाय, ज्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी "कोट्यातून का?" असं विचारलंय, त्याला तोच निकाल आपल्याबद्दलच्या सगळ्या शंकांचा पुरावा वाटतो. विषय एकच राहिला, पण दुसऱ्याला शिक्षणच सोडून द्यावंसं वाटू शकतं. अशा वेळी "माझंही राहिलं होतं" असं सांगणारा कुणी भेटला की त्या निकालाचा अर्थ बदलतो. गोऱ्या विद्यार्थ्यांना या प्रयोगाचा फारसा फायदा का झाला नाही, तेही यातून समजतं. आपण इथले आहोत की नाही, हा प्रश्न त्यांना तितका पडतच नव्हता.

टॉपरची रील पाहून असं का होत नाही?

तुम्ही म्हणाल, प्रेरणादायी गोष्टींचा तर फोनमध्ये पूर आलाय. खरंय. पण त्यातल्या बहुतेक गोष्टी यशाच्या असतात. रोज सोळा तास अभ्यास, पहिल्याच प्रयत्नात यूपीएससी, मागे ढोल-ताशे.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेला एक अभ्यास इथे कामाला येतो. नववी-दहावीच्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांना आइन्स्टाइन, मेरी क्युरी आणि मायकेल फॅरेडे यांच्याबद्दल वाचायला दिलं. काहींना त्यांच्या अडचणींबद्दल आणि फसलेल्या प्रयत्नांबद्दल, काहींना फक्त त्यांच्या यशाबद्दल. अडचणी वाचलेल्यांचे विज्ञानातले गुण सुधारले, आणि आधी मागे असलेल्या मुलांना जास्त फायदा झाला. नुसतं यश वाचलेल्यांना असा फायदा झाला नाही. ते लोक जन्मतःच वेगळे होते, असं एकदा ठरलं की आपल्यासाठी त्यात घेण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून मला वाटतं, कॉलेजने बोलावलेल्या मोठ्या पाहुण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाचा, साधारण मार्कांचा मुलगा जास्त उपयोगाचा. तो फक्त एक पायरी पुढे असतो. यवतमाळमधून सुरू झालेल्या 'एकलव्य' या संस्थेच्या कामात मला हेच दिसतं. ग्रामीण आणि वंचित समाजांतल्या, घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे येणाऱ्या मुलांना चांगल्या विद्यापीठांत पोहोचवण्यासाठी ही संस्था मदत करते, आणि त्यात हीच वाट आधी चालून गेलेल्यांचा मोठा वाटा असतो.

पण नुसत्या गोष्टींनी भागतं का?

नाही. हेही वॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवून दिलंय. त्यांनी २०२३ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. यात २२ शिक्षणसंस्था आणि २६,९११ विद्यार्थी होते. या वेळी गोष्टी ऑनलाइन वाचायला दिल्या होत्या, अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळात. जिथे त्या गटातल्या मुलांना प्रत्यक्षात सामावून घेतलं जात होतं, तिथे पहिलं वर्ष पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. जिथे तशी जागाच नव्हती, तिथे गोष्ट वाचून फरक पडला नाही. "हळूहळू सगळं ठीक होतं" हे खोटंच असेल, तर ते कितीही छान सांगितलं तरी काय उपयोग?

सीनियर आधारच देतील, असंही नाही. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. अशा ठिकाणी आधी तक्रार ऐकणारी आणि कारवाई करणारी यंत्रणा लागते. अनुभवकथनाचा कार्यक्रम तिची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक. हल्ली वर्कशॉपमध्ये गोल करून बसवतात आणि "आता प्रत्येकाने आपलं एक दुःख सांगा" म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. समोर कोण बसलंय, ऐकलेलं उद्या कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाईल, हे माहीत नसताना जात, घर किंवा आजारपण उघड करायला लावणं म्हणजे जबरदस्तीच. न्यूयॉर्कच्या मुलांना तर स्वतःबद्दल काहीच सांगावं लागलं नव्हतं, त्यांनी फक्त वाचलं. आणि कॅन्टीनमधल्या त्या ताईनेही मला काहीच विचारलं नव्हतं, आधी स्वतःचं सांगितलं होतं. ज्याच्याकडे गमावण्यासारखं कमी आहे, सुरुवात त्याने करावी. वर्गात तो माणूस बहुतेक वेळा शिक्षक असतो.

नव्या विद्यार्थ्यांच्या इंडक्शनसाठी यूजीसीने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिकाही काढली आहे. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी दीपप्रज्वलन होतं, भाषणं होतात आणि हजेरीचे नियम सांगितले जातात. त्यातलं एक भाषण कमी करून दुसऱ्या वर्षाच्या तीन-चार जणांना दहा-दहा मिनिटं देता येतील. त्यात एखादी मराठी माध्यमातून आलेली, एखादा हॉस्टेलवर राहणारा, एखादा एटीकेटी घेऊन पुढे आलेला असावा. बोलायची इच्छा मात्र त्यांची हवी, आणि त्या दहा मिनिटांपुरतं प्राचार्यांनी स्टेजवरून उतरून मुलांमध्ये बसावं.