हातोडा पडण्यापूर्वी

लिलावात दागिना घ्यायचा, तर बोली लावण्याआधी तो डोळ्यांखालून घालावा. मोठी लिलावगृहे विक्रीआधी काही दिवस दागिने पाहायला ठेवतात. भिंग घेऊन जावे. कुठे मागाहून डाख दिला आहे का, एखादा खडा बदलला आहे का, हे तेव्हाच कळते. दागिन्याच्या अवस्थेचा लेखी अहवालही मागावा. माणिक, नीलम तापवून त्यांचा रंग खुलवतात. पाचूच्या भेगांत तेल भरतात. यात गैर काही नाही, पण न तापवलेल्या चांगल्या माणकाचे मोल कितीतरी अधिक असते. म्हणून प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट पैशांची. हातोडा पडतो ती अखेरची रक्कम नव्हे. तिच्यावर लिलावगृह खरेदीदाराकडून आपले कमिशन घेते, शिवाय कर असतात. हे सारे धरून आपली मर्यादा आधीच कागदावर लिहावी आणि तिथे थांबावे.

जुना हिरा घेतलात, तर नव्याने पैलू पाडण्याची घाई नको. भारतातल्या खाणीतून निघालेला निळा ‘विटल्सबाख’ हिरा २००८ मध्ये लंडनला ‘क्रिस्टीज’च्या लिलावात सुमारे १ कोटी ६४ लाख पौंडांना गेला. घेणारे जवाहिरे लॉरेन्स ग्राफ यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले. ३५.५६ कॅरटचा हिरा ३१.०६ कॅरटचा झाला. टवके गेले, रंगाची आणि शुद्धतेची प्रत वाढली. पण इतिहासाच्या जाणकारांनी टीका केली, कारण जुन्या कारागिराचे कामही त्याबरोबर घासले गेले. जुन्या दागिन्यात आपण त्या कामाचेही पैसे मोजलेले असतात.