'वात झालाय' म्हणण्याआधी

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या आत्याला काही वर्षांपूर्वी लघवीच्या संसर्गासाठी एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी पहाटे ती वारलेल्या नवऱ्याला हाका मारू लागली. पांघरूण चाचपायची. हाताला मधूनच झटका बसायचा आणि कप धरला की चहा सांडायचा. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "म्हातारीला वात झालाय. काय बी बोलाय लागलीया." आम्हीही माना डोलावल्या. वय ७८, त्यात तापानं गळालेली, वात व्हायचाच! रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र केसपेपर मागंपुढं चाळला आणि विचारलं, "आजींचं वजन किती?"

त्या प्रश्नामागं कॉकरॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली मांडलेलं, किडनी किती काम करते याचं साधं गणित होतं. १४० मधून वय वजा करायचं, उरलेल्याला वजनानं गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागायचं. बाई असेल तर येईल त्याला पुन्हा ०.८५ नं गुणायचं. आत्याचं क्रिएटिनिन १.१, रिपोर्टवर त्याच्यापुढं कसलीही खूण नाही. वजन ४५ किलो. उत्तर आलं जेमतेम ३०. निरोगी तरुण माणसात हाच आकडा शंभरच्या आसपास असतो. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून आणि म्हातारपणी स्नायूच झडलेले असतात, म्हणून किडनी थकली तरी रिपोर्ट सभ्य दिसतो. आत्याला सेफेपिम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन पूर्ण डोसमध्ये चालू होतं आणि ते बाहेर पडतं किडनीवाटेच. इंजेक्शन बदललं. तिसऱ्या दिवशी आत्यानं डोळे वटारून विचारलं, "चहात साखर का न्हाई?"

अशी औषधं मेंदूला बाधू शकतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, असं मुळीच नाही. पेनिसिलिन थेट मेंदूच्या पोकळीत गेलं तर स्नायूंना झटके येतात, हे १९४५ सालीच छापून आलं होतं. मेंदूतल्या पेशींना आवर घालायचं काम गाबा नावाचं रसायन करतं. पेनिसिलिन आणि सेफेपिमसारखी त्याची भावंडं शरीरात साठली की तो आवर सुटतो.

त्याच सुमारास क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आलं. त्यानं कानाची आणि तोलाची नस दुखावते, हेही १९४५ पासूनच कळायला लागलं होतं. आमच्याकडं क्षयाच्या माणसाबद्दल 'मिरजेला नेलं' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनेटोरियम सगळ्यांना ठाऊक. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि ही औषधं आपल्या घरची झाली. क्षयातून उठलेली, पण कानात सतत शिट्टी वाजणारी, अंधारात भिंत धरून चालणारी माणसं पेठेत दिसायची. जीव वाचला होता, तक्रार कोण करणार? एक गोष्ट मात्र सरकारी क्षयरोग कार्यक्रमाच्या बाजूनं सांगायलाच हवी. त्यात पन्नाशीपुढच्या रुग्णाला हे इंजेक्शन पाऊण ग्रॅमऐवजी अर्धा ग्रॅमच द्यायचं, असा नियम होता. फुकटच्या इंजेक्शनाला वय विचारलं जायचं आणि आम्ही हजारो रुपये मोजले तिथं कुणी विचारलं नाही.

मग सिप्रोफ्लॉक्सासिनचा जमाना आला. जुलाब झाले, सिप्रो. लघवीला जळजळ, सिप्रो. चिठ्ठी असो-नसो, गोळी मिळायची. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या कुळाबद्दल २००८ मध्ये कंडरा तुटण्याचा ठळक इशारा दिला, साठीपुढच्यांना धोका जास्त असं बजावून. २०१३ मध्ये हातापायांच्या नसांचा इशारा आला, २०१८ मध्ये गोंधळ, विस्मरण, भ्रम यांचा. ही औषधं अमेरिकेत १९८० च्या दशकापासून विकली जात होती. सेफेपिमची कथाही तीच. तिथं १९९६ ला परवानगी आणि २०१२ ला इशारा. तोवर अंग न झटकता आतल्या आत चालू राहणाऱ्या फिटच्या ५९ नोंदी जमल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांची किडनी थकलेली होती आणि डोस त्या मानानं कमी केलेला नव्हता. २०१६ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात अँटिबायोटिक्समुळं मेंदूला त्रास झालेल्या ३९१ रुग्णांचा आढावा आला, त्यात मेट्रोनिडाझोलही होतं. ते आठवडेच्या आठवडे घेतल्यावर तोल जातो आणि एमआरआयवर खुणा दिसतात.

आपल्याकडं मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्ससह ठरावीक औषधांची एच-१ यादी लागू झाली. दुकानदारानं वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. जंतू औषधाला दाद देईनासे झाले, त्या काळजीपोटी हे आलं आणि ते योग्यच. पण त्या वहीत वयाचा रकाना नाही.

संसर्गानंही म्हातारी माणसं बरळतात, सोडियम उतरलं तरी बरळतात, म्हणून घरच्यांनी आपल्या मनानं इंजेक्शन किंवा गोळी बंद करू नये. विचारावं मात्र जरूर: औषध कधी सुरू झालं, बडबड कधी सुरू झाली, किडनीच्या हिशेबानं डोस लावला का? आणि औषधाचाच त्रास निघाला तर १८००-१८०-३०२४ वर कळवा. हा राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे आणि तिथं तक्रार नोंदवायला डॉक्टरच लागतो असं नाही, रुग्णाच्या घरच्यांनाही ती नोंदवता येते.