ओल्या फुलाची चव

सातपुड्याच्या पठारावरून उतरून सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात आले की प्रवाशाचे लक्ष प्रथम संत्र्यांच्या बागांकडे जाते. मोहाची झाडे शेताच्या धुऱ्यावर नाहीतर रानाच्या कडेला उभी असतात. त्यांची ओळख पटते ती वासाने. फाल्गुन सरता सरता पाने झडतात आणि चैत्राच्या पहाटे गरदार, मेणचट पांढरी फुले टपटप गळू लागतात. ऊन चढण्यापूर्वी टोपल्या भरून घ्याव्या लागतात, कारण अस्वलापासून गुरांपर्यंत सर्वांनाच त्या गोडीची ओढ असते.

हे फूल ओले असतानाच त्याचे पेय का करू नये, असा प्रश्न मला पडला तो एका परदेशी पेयामुळे. बिअरला कडवटपणा व सुगंध देणारे हॉप्स म्हणजे एका वेलीचे फुलोरे होत. एरवी ते भट्टीत वाळवून वर्षभर वापरतात. परंतु सुगीच्या दिवसांत, म्हणजे तिकडच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, काही कारखाने वेलीवरून उतरविलेले ओले हॉप्स शक्यतो एका दिवसाच्या आत कढईत टाकतात. ओल्या हॉप्समध्ये सुमारे ऐंशी टक्के पाणीच असल्याने ते वजनाने कितीतरी अधिक लागतात. कॅलिफोर्नियातील चिको येथील सिएरा नेव्हाडा कारखान्याने १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यातून असे हॉप्स आणवून बिअर काढली, आणि पुढे अमेरिकेत ही हंगामी चाल चांगलीच रुजली.

अशा पेल एलचा एक पेला मी परदेशी मुक्कामात चाखला आहे. पहिल्या घोटाला नुकत्याच कापलेल्या गवताचा ओला वास आला, मागून लिंबाच्या सालीसारखा आणि थोडा राळेचा. कडवटपणा अपेक्षेपेक्षा मवाळ. महिना-दोन महिन्यांत हा हिरवा दरवळ ओसरतो, म्हणून ती साठवून ठेवण्यात हशील नाही. आपल्याकडे हुरड्याला जे स्थान, तेच तिला तिकडे असावे.

मोहाची गोष्ट निराळी आहे. हॉप्समध्ये गोडी नसते; ती सातूच्या मोडांतून येते. मोहाच्या फुलात साखर स्वतःचीच भरपूर, त्यामुळे ओले फूल टोपलीत दाबून ठेवले तर ते आपोआप आंबू लागते. म्हणून फुले अंगणात पसरून वाळवितात. वाळलेली फुले पाण्यात भिजवून, काही दिवस आंबू देऊन मडक्यातून अर्क काढणे ही गोंड वस्त्यांतील जुनी रीत. देवकार्यात व लग्नात त्या अर्काला मान आहे. केवळ मद्यासाठीच हे फूल आहे असेही नव्हे. भाजून तिळाबरोबर कुटलेल्या मोहफुलांचा लाडू ज्याने खाल्ला आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही.

पहाटेचे ताजे फूल जिभेवर ठेवून पाहावे. प्रथम मधासारखी गोडी, मग किंचित तुरट, आणि कस्तुरीकडे झुकणारा वास. मोहाच्या दारूचा म्हणून जो उग्र दर्प आपण नाक मुरडून सांगतो, तो या फुलात नसतो. तो पुष्कळ अंशी मागाहून येतो, असे माझे मत आहे: फुले मातीतून वेचली जातात, वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात, त्या राखेवर ती पडतात, आणि पुढे पावसाळी दमट हवेत पोत्यांत बुरसतात. पाचोळ्याच्या त्या आगीतून रानात वणवेही लागतात. झाडाखाली जाळी बांधली तर माती नाही, राख नाही, आगही नाही. शिवाय स्वच्छ फुलाला खाद्यपदार्थ म्हणून अधिक भाव मिळू शकतो. मध्य प्रदेश शासनाने २०२० मध्ये वाळलेल्या फुलांचा किमान भाव किलोमागे पस्तीस रुपये केला. पैशाची निकड असलेले कुटुंब मात्र हंगामातच मिळेल त्या भावाला पोते रिकामे करते.

कायद्याने या फुलाकडे फार काळ संशयानेच पाहिले. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहासाठीच कायदा झाला होता. महाराष्ट्राने फुले गोळा करण्यावरचे व नेण्या-आणण्यावरचे निर्बंध उठविले ते २०२१ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात मध्य प्रदेशाने मोहाच्या पारंपरिक मद्याला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले, आणि पुढे अलीराजपूर व दिंडोरी येथे आदिवासी गटांकडून ते तयार होऊ लागले.

सौंसर व पांढुर्णा हे तालुके २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नवा जिल्हा झाले. नव्या जिल्ह्याची ओळख म्हणून संत्र्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, आणि ते रास्तच आहे. पण संत्र्याला बागवान आहे, पाणी आहे, बाजार आहे. मोहाला कोणी पाणी घालत नाही. चैत्रात पहाटे चार वाजता टोपली घेऊन निघणारी बाई त्याच्या बुंध्याशी पोचते, तेव्हा फुले अजून गळतच असतात.