स्वमग्न तरुणांचे शाळेतून रोजगाराकडे संक्रमण

स्वमग्नता किंवा ऑटिझम असलेल्या विद्यार्थ्याला शालेय शिक्षण संपण्यापूर्वीच नोकरी अथवा स्वयंरोजगारासाठी तयार करण्याच्या नियोजनबद्ध प्रक्रियेस रोजगार-संक्रमण असे म्हणतात.

गरज

भारतात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यानंतर ठरलेले वेळापत्रक, परिचित शिक्षक आणि समवयस्कांचा सहवास एकदम सुटतो. घरी बसून राहिल्यास शाळेत कमावलेली कौशल्ये मागे पडण्याची शक्यता असते व सर्व भार उतारवयाकडे झुकलेल्या पालकांवर येतो.

पूर्वतयारी

ही तयारी किशोरवयातच सुरू करणे इष्ट असते. अमेरिकेतील कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात १६व्या वर्षापर्यंत संक्रमणाची उद्दिष्टे नोंदवावी लागतात. विषयज्ञानाइतकेच बसने एकट्याने प्रवास करणे, वेळ पाळणे, पैशांचा हिशेब ठेवणे आणि अडचण आल्यास मदत मागणे यांना महत्त्व असते. गोंगाट, प्रखर प्रकाश किंवा गर्दी कितपत सहन होते, हे पाहून कामाची निवड केली जाते.

आधारित रोजगार

‘आधी प्रशिक्षण, मग नोकरी’ या रूढ पद्धतीऐवजी येथे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणीच प्रशिक्षण दिले जाते. कारण एका जागी शिकलेले कौशल्य दुसऱ्या जागी वापरणे अनेक स्वमग्न व्यक्तींना कठीण जाते. जॉब कोच कामाचे लहान टप्पे पाडतो, चित्रमय सूचना तयार करतो, सहकाऱ्यांना समजावतो आणि हळूहळू आपली मदत कमी करतो.

निवडप्रक्रिया

नजरेला नजर न देणे किंवा संदिग्ध प्रश्नांना अक्षरशः उत्तर देणे यामुळे सक्षम उमेदवारही मुलाखतीत मागे पडतो. म्हणून काम प्रत्यक्ष करून दाखविण्याची चाचणी अधिक न्याय्य ठरते. डेन्मार्कमध्ये २००४ मध्ये सुरू झालेल्या स्पेशलिस्टर्न या कंपनीने स्वमग्न व्यक्तींना सॉफ्टवेअर चाचणीची कामे दिली. तथापि सर्वच स्वमग्न व्यक्ती संगणकात निपुण असतात, हा गैरसमज आहे. बागकाम, बेकरी, ग्रंथालय, पॅकिंग अशी कामेही अनेकांना रुचतात.

भारतातील कायदेशीर तरतुदी

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण असून त्यातील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार इत्यादी गटांसाठी आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये १८ वर्षांनंतर आवश्यकतेनुसार कायदेशीर पालक नेमता येतो. मात्र पालकत्व म्हणजे त्या तरुणाच्या आवडीनिवडीचा अधिकार काढून घेणे नव्हे. कामाची निवड करताना त्याचे मत विचारात घेणे हा संक्रमणाचा मूलभूत भाग मानला जातो.